कोडचे तुकडे जपायचे कसे? एकर-गुंठ्यापासून अडकलेल्या प्रिंटरपर्यंत, सीमाभागात कामी येणारी वही

आदिलाबाद : संगणकावर रोज काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असा काही मजकूर असतो, जो एकदा डोकेफोड करून जमवलेला असतो आणि पुन्हा पुन्हा लागतो. एक्सेलमधले एखादे सूत्र, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या दोन ओळी, रोजच्या बॅकअपची छोटी फाइल. प्रोग्रामिंगच्या भाषेत याला ‘स्निपेट’ म्हणतात. म्हणजे कोडचा लहानसा, तयार, पुन्हा वापरता येणारा तुकडा. हैदराबाद-पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांत असे तुकडे जपायला माणसे असतात, यंत्रणा असते. आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यात मात्र ते बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यात, नाहीतर त्याच्या व्हॉट्सॲपवर असतात. तो हैदराबादला नोकरीला लागला, की तुकडेही त्याच्याबरोबर गेले. मागे राहिलेल्यांना संगणकावर फाइल दिसते, पण ती काय करते आणि कधी चालवायची, हे सांगणारे कुणी उरत नाही.

सीमाभागात आणखी एक गोम आहे. पैनगंगेच्या पलीकडे बरोबर चालणारे सूत्र अलीकडच्या कागदाला लावले, की ते चुकते. वाईट भाग असा, की चुकलंय हे कळतच नाही. संगणक उत्तर देतो, कागद छापून येतो, पुढे सही होते. म्हणून इथे कोडचा तुकडा नुसता जमवून भागत नाही. तो कुठल्या राज्याच्या कागदासाठी आहे, कधीपर्यंतच्या नियमासाठी आहे आणि तो बरोबर चालतोय हे कसे ओळखायचे, एवढे त्याच्यासोबत लिहिलेले लागते.

कपाटातल्या कागदी फिती

ही सवय संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९४४ पासून ‘मार्क वन’ या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी तपासून झालेले कोडचे तुकडे वह्यांत उतरवून ठेवत आणि एकमेकांकडून नकलून घेत. नकलताना अंक-अक्षरे चुकत. माणसाला नीट नक्कल करता येत नाही, हा अनुभव हॉपरबाईंनी पुढे अनेकदा सांगितला. नक्कल करण्याचे काम यंत्राकडेच सोपवावे या विचारातून त्या कंपायलरकडे वळल्या.

इंग्लंडात केंब्रिजला ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. तिथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी नेहमी लागणाऱ्या गणितांचे तुकडे भोके पाडलेल्या कागदी फितींवर तयार केले. या फिती कपाटात ओळीने लावलेल्या असत. ज्याला वर्गमूळ काढायचे त्याने ती फीत घ्यायची, नक्कल करायची, परत जागेवर ठेवायची. तिघांचे पुस्तक १९५१ मध्ये आले. त्यात प्रत्येक तुकड्याची माहिती दिली होती : काय करतो, किती जागा घेतो, आकडे कुठे ठेवायचे. तुकडा आणि त्याचे माहितीपत्रक एकत्र, ही पद्धत तेव्हाच पक्की झाली. आज कोड सापडतो पोत्याने, पण माहितीपत्रक गळून पडलेले असते.

२.२० म्हणजे नेमके किती?

सीमाभागातल्या वहीत पहिल्या पानावर ठेवावा असा तुकडा जमिनीच्या मापाचा आहे. तेलंगणाच्या पट्टादार पासबुकात क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत लिहिलेले असते. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. जैनद किंवा बेला मंडलातल्या कुटुंबाची थोडी जमीन नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात असणे, वारसाने एक पासबुक आणि एक सातबारा हाती येणे, हे इथे नवे नाही. जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्यामधल्या १४ वादग्रस्त गावांत तर दोन्ही राज्यांची कागदपत्रे एकाच घरात सापडतात. बँकेसाठी, वाटणीसाठी किंवा नुसता हिशेब लावण्यासाठी एका मापाचे दुसरे करावे लागते.

पासबुकात २.२० लिहिले असेल तर तो दशांश नाही. टिंबाच्या आधी एकर, टिंबानंतर गुंठे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून २.२० म्हणजे १०० गुंठे, अर्थात अडीच एकर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तेव्हा हे क्षेत्र १०,११७ चौरस मीटर झाले. सातबाऱ्याच्या भाषेत १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर, म्हणजे १.०१.१७.

आता हाच आकडा एखाद्याने मोबाइलमधल्या मापे बदलणाऱ्या ॲपमध्ये टाकला, तर ॲपला तो दोन पूर्णांक दोन दशांश एकर वाटतो. उत्तर येते ०.८९ हेक्टर. बारा गुंठे जमीन टिंबात गडप. रैतू भरोसाचा दर एकरी वर्षाला १२,००० रुपये धरला, तर बारा गुंठ्यांचे ३,६०० रुपये होतात. अनुदान सरकारी दफ्तरावरून ठरते, तिथे हा फरक पडत नाही हे खरे. पण भावाभावांतली वाटणी किंवा ठोक्याने दिलेल्या शेताचा हिशेब कुठल्याही दफ्तरावरून होत नाही. तो अशाच कुणाच्या तरी संगणकावर होतो.

एक्सेल यात आणखी भर घालते. २.२० टाइप केले की ते शेवटचे शून्य काढून २.२ करते. मग सूत्राने टिंबानंतरचा आकडा उचलला, तर त्याला वीसऐवजी दोनच गुंठे दिसतात. बेरजेतही तेच. १.३० आणि १.३० यांची एक्सेलची बेरीज २.६० येते. खरी बेरीज १४० गुंठे, म्हणजे ३.२०.

म्हणून हा तुकडा असा बांधावा : क्षेत्राचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, मगच आकडे भरायचे. टिंबाच्या डावीकडचा भाग काढून ४० ने गुणायचा, उजवीकडचा त्यात मिळवायचा. आलेले गुंठे १.०११७ ने गुणले की आर मिळतात. बेरीज करायची ती गुंठ्यांची, मूळ रकान्याची कधीच नाही. आणि टिंबानंतर ४० किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर सूत्राने उत्तर न देता ‘तपासा’ एवढेच दाखवायचे, कारण गुंठे ४० झाले की एकर होतो. ४५ गुंठे असे कुणी लिहीत नाही. तो आकडा दुसऱ्या कुठून तरी दशांशात आलेला असतो. शेवटची ही एक ओळ पुष्कळ भांडणे वाचवते.

जाता जाता, नदीपलीकडे बोलण्यात ‘आर’लाच गुंठा म्हणण्याची आणि हेक्टरला शंभर गुंठे धरण्याची सवय आहे. हिशेबाने हेक्टरचे गुंठे ९८.८४ होतात. गप्पांत चालते, सूत्रात नाही.

फसली साल, गाडीचा नंबर, जीएसटीचे पहिले दोन आकडे

जुन्या पहाणीवर साल फसली असते. १९५४-५५ च्या खासरा पहाणीवर १३६४ दिसते, त्यात ५९० मिळवले की १९५४. सध्या फसली वर्ष १ जुलैला सुरू होते. त्यामुळे इंग्रजी तारखेवरून फसली साल काढताना महिना पाहावा लागतो : जुलै ते डिसेंबर असेल तर ५९० वजा, जानेवारी ते जून असेल तर ५९१ वजा. मार्च २०२१ चे फसली साल १४३० येते, १४३१ नव्हे. निजामकाळात हैदराबाद संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचे, म्हणून त्या काळच्या कागदाला जुलैचा नियम लावू नये. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, तेव्हा हा तुकडा महाराष्ट्रातल्या वाचकालाही जुने दफ्तर काढताना लागतो.

तुकडा शिळा कसा होतो, हे गाडीच्या नंबरावरून चांगले कळते. पेट्रोल पंप, लॉज, कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवणारे जिनिंग, सगळीकडे नंबर बरोबर टाइप झाला का हे तपासणारा एखादा नियम प्रोग्राममध्ये बसवलेला असतो. आदिलाबादची गाडी आधी एपी ०१ होती, राज्य झाल्यावर टीएस ०१ झाली आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळू लागले. ज्या प्रोग्राममध्ये ‘पहिली दोन अक्षरे एपी, टीएस किंवा एमएच असावीत’ असा नियम होता, त्याने नवी कोरी गाडी ‘चुकीचा नंबर’ म्हणून नाकारली. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच, म्हणून तिन्ही अक्षरे ठेवावी लागतात. शेजारच्या यवतमाळची एमएच २९, नांदेडची एमएच २६, चंद्रपूरची एमएच ३४. शिवाय २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आली, तिच्यात सुरुवातच सालाच्या दोन आकड्यांनी होते. नियम लिहिणाऱ्याने तुकड्यावर तारीख टाकली असती, तर निदान जुना झालाय एवढा संशय तरी आला असता.

व्यापाऱ्यांच्या कामाचा तुकडा जीएसटीचा. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे : तेलंगणा ३६, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, आंध्र ३७. विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे आकडे सारखे असतील तर सीजीएसटी-एसजीएसटी, वेगळे असतील तर आयजीएसटी, असे एक्सेलचे सूत्र बहुतेक अडत्यांकडे असते. रोजच्या कामाला ते चालतेही. पण कायदा नंबर पाहत नाही, पुरवठ्याचे ठिकाण पाहतो. ज्या ग्राहकाकडे जीएसटी नंबरच नाही तिथे या सूत्राला तुलना करायला काही उरत नाही आणि ते रिकाम्या रकान्याला ‘वेगळे राज्य’ समजून आयजीएसटी लावून मोकळे होते. दराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले, ५ आणि १८ हे मुख्य राहिले, काही मोजक्या वस्तूंना ४० आला. ज्यांनी दर सूत्राच्या आत लिहिला होता त्यांना प्रत्येक शीट उघडून सूत्र बदलावे लागले. ज्यांनी वेगळ्या रकान्यात दर आणि लागू तारीख ठेवली होती, त्यांचे काम एका ओळीत झाले.

दिसायला एक, आतून दोन

मराठीत काम करणाऱ्यांना भेडसावणारा प्रश्न अक्षरांचा आहे. ‘ॲड.’ शोधले की यादीतले निम्मे वकील सापडतात, निम्मे नाहीत. कारण ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र टाइप करून ते बनवत, आणि बरेच कीबोर्ड अजूनही तसेच बनवतात. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातल्या ‘ऱ्या’चेही हेच, तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. लाभार्थ्यांच्या दोन याद्या जुळवताना शेकडो नावे ‘सापडत नाहीत’ म्हणून बाजूला पडतात, त्यातली कित्येक नावे याच कारणाने. उपाय म्हणून शोधण्याआधी दोन्ही याद्यांतली अक्षरे एकाच प्रकारात बदलणारा चार ओळींचा तुकडा ठेवावा. त्यातच ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलण्याची ओळ टाकली, की बेरीज न होण्याची तक्रारही मिटते.

दुसरी नेहमीची कटकट सीएसव्ही फाइलची. पोर्टलवरून उतरवलेली फाइल दोनदा क्लिक करून उघडली, की मराठी आणि तेलुगू नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. फाइल खराब नसते. एक्सेलला ती युटीएफ-८ मध्ये आहे हे कळलेले नसते. आधी रिकामे एक्सेल उघडून ‘डेटा’ मेनूतून फाइल आणायची आणि युटीएफ-८ निवडायचे. तेव्हाच आधार आणि मोबाइलचे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे, नाहीतर बारा आकडी आधार नंबर एक्सेल आपल्या पद्धतीने आखडून दाखवते. खुणा दिसणारी फाइल तशीच ‘सेव्ह’ केली, तर मात्र नावे कायमची जाऊ शकतात.

प्रिंटर, बॅकअप आणि आरशाचा पर्याय

मीसेवा असो, सेतू असो की झेरॉक्सचे दुकान, सगळ्यात जास्त वापरला जाणारा तुकडा बहुधा अडकलेल्या प्रिंटरचा असेल. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘स्पूलर’ सेवा थांबवायची, विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरमधल्या ‘स्पूल’च्या आतले ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामे करायचे, सेवा पुन्हा सुरू करायची. तीन ओळींची बॅच फाइल होते. क्रम बदलला तर चालत नाही, कारण सेवा चालू असताना त्या फाइली पुसल्या जात नाहीत. आणि रांगेतली सगळ्यांचीच कामे जातात. परीक्षेच्या हॉल तिकिटांची रांग लागलेली असताना ही फाइल चालवण्याआधी शेजारच्या टेबलावर विचारून घेतलेले बरे.

बॅकअपचा तुकडा याहून नाजूक. विंडोजवर ‘रोबोकॉपी’ आणि लिनक्सवर ‘आरसिंक’ या आज्ञा अनेक जण वापरतात. रोबोकॉपीच्या ‘मिर’ पर्यायाचा अर्थ आरसा. मूळ फोल्डरमध्ये जे आहे तेच आणि तेवढेच नकलेत ठेवायचे, जास्तीचे पुसायचे. दोन फोल्डरांचा क्रम उलटा पडला, तर रिकामी नवी हार्ड डिस्क मूळ ठरते आणि खरी माहिती ‘जास्तीची’ म्हणून पुसली जाते. आरसिंकच्या ‘डिलीट’चेही तेच. दोन्हींत सोय आहे : रोबोकॉपीला ‘एल’ आणि आरसिंकला ‘एन’ हा पर्याय जोडला की काय होईल ते फक्त दाखवतात, करत काही नाहीत. वहीत ही दाखवणारी आज्ञाच आधी लिहावी आणि खरी आज्ञा तिच्या खाली. घाईत माणूस पहिली ओळ उचलतो.

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक. हाताने चालणारी आज्ञा ‘क्रॉन’मध्ये टाकली की चालत नाही, ही तक्रार फार जुनी. कारण बहुतेकदा दोनपैकी एक. क्रॉनला आज्ञांचे पूर्ण पत्ते माहीत नसतात, किंवा आज्ञेत तारखेसाठी टक्क्याची खूण असते आणि क्रॉन तिचा अर्थ ‘ओळ संपली’ असा घेतो. टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ दिली की प्रश्न सुटतो.

मोठ्यांचेही हात पोळलेले आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य सर्व्हरवरच पुसण्याची आज्ञा दिली. बॅकअप पाहायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुनी होती. तो अपयशी होतोय हे कळवणारे मेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले, मधल्या सहा तासांची माहिती गेलीच. बॅकअपचा तुकडा वहीत असणे आणि त्यातून फाइल परत काढून पाहिलेली असणे, यात एवढे अंतर आहे.

कुणाचे तरी चालले म्हणून

इंटरनेटवर हजारोंनी वापरलेला तुकडा बरोबरच असणार, असा एक समज असतो. स्वीडनचे आंद्रेआस लुंडब्लाड यांनी २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर जावा भाषेतला एक छोटा तुकडा दिला होता. फाइलचा आकार बाइटमध्ये दिला की तो ‘इतके केबी, इतके एमबी’ असा वाचता येईल अशा रूपात दाखवायचा. पुढे एका अभ्यासात तो तिथला सर्वाधिक नकललेला जावाचा तुकडा ठरला. तेव्हा लुंडब्लाड यांनी स्वतःच तो पुन्हा तपासला आणि २०१९ मध्ये जाहीर केले, की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइटला तो १ एमबीऐवजी १००० केबी म्हणत होता. नऊ वर्षे तो हजारो प्रोग्राममध्ये फिरत राहिला. त्या साइटवरचा कोड मोफत असला तरी मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची अट त्यावर असते, हेही नकलणारे सहसा विसरतात.

म्हणून वहीतल्या प्रत्येक तुकड्यासोबत एक उदाहरण आणि त्याचे अपेक्षित उत्तर लिहावे. जमिनीच्या तुकड्याची नोंद साधारण अशी होईल. नाव : एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर. कशासाठी : तेलंगणाच्या पासबुकावरचे क्षेत्र सातबाऱ्याच्या मापात पाहायला. तपासणी : २.२० दिल्यावर १.०१.१७ यावे, १.३० दोनदा दिल्यावर बेरीज ३.२० यावी, १.४५ दिल्यावर ‘तपासा’ यावे. चालत नाही : रकाना टेक्स्ट नसेल तर. कुणी केले, कुठून घेतले, शेवटचे कधी तपासले. बस, एवढेच. नवख्या मुलालाही दोन मिनिटांत तुकडा ठीक आहे की नाही ते कळते.

वही कुठे ठेवायची याला फार महत्त्व देऊ नये. साध्या टेक्स्ट फाइली एका फोल्डरमध्ये असल्या तरी पुरे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ वापरले तर कोणती ओळ कधी आणि का बदलली याचा इतिहास राहतो. बासरच्या ट्रिपल आयटीत, म्हणजे २००८ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठात किंवा दुसऱ्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे घरातले पोर असेल, तर ते सुटीत एका दुपारी शिकवू शकेल. टाळायच्या जागा दोनच, वर्ड आणि व्हॉट्सॲप. वर्ड सरळ अवतरणचिन्हे आपोआप वाकडी करते आणि मग आज्ञा चालत नाही. व्हॉट्सॲप दोन तारकांमधला मजकूर ठळक करून तारका लपवते, त्यामुळे पाहून टाइप करणाऱ्याची तारका सुटते. पाठवायचेच असेल तर फाइल म्हणून पाठवावे.

काय ठेवू नये

पासवर्ड नको. उबेर कंपनीचे ५ कोटी ७० लाख ग्राहक आणि चालकांचे तपशील २०१६ मध्ये चोरीला गेले, ते कोडमध्ये लिहून ठेवलेल्या किल्ल्यांमुळे. कोड तर खासगी जागेतच ठेवला होता. नमुन्यासाठी खऱ्या माणसाचे आधार, पॅन किंवा खाते क्रमांकही वापरू नयेत. आपल्याकडे नेमके तेच होते, कारण समोरच्या ग्राहकाचा कागद हाताशी असतो.

आणि एक धोका थेट इथल्या संगणकांपर्यंत पोचणारा. २०२४ पासून पसरलेल्या एका फसवणुकीत वेबपानावर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. विंडोज आणि आर ही बटणे दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, अशी सूचना असते. पानाने तोपर्यंत गुपचूप एक आज्ञा नकलून ठेवलेली असते. वापरणारा ती स्वतःच्या हाताने चालवतो आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत येतो. कोणतीही खरी साइट अशी तपासणी करत नाही. वहीत घ्यायचा प्रत्येक नवा तुकडा आधी नोटपॅडमध्ये चिकटवून, वाचून, मगच चालवायचा, हा नियम त्यासाठी.

आता चॅटजीपीटीसारखी साधने मागाल तो कोड लिहून देतात, मग वही कशाला, असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रिंटरच्या तीन ओळी ती बिनचूक देतील. पण पासबुकातले टिंब दशांशाचे नाही, हे त्यांना आधी सांगावे लागते. ते सांगायचे आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच बरोबर उत्तर मिळते. वहीतली तपासणीची उदाहरणे इथे दुप्पट कामाला येतात : यंत्राने दिलेल्या सूत्रात २.२० आणि १.४५ टाकून पाहा, लगेच कळेल.

वहीची एक छापील प्रत कार्यालयात असावी. नेट गेलेले असते, संगणक सुरू होत नसतो, तेव्हाच तिची गरज पडते आणि तेव्हा फाइल उघडत नाही. प्रतीवर छापल्याची तारीख टाकावी. कर्मचारी बदलून जाताना ज्याच्याकडे काम सोपवायचे त्याला समोर बसवून बॅकअपचा तुकडा त्याच्याच हाताने एकदा चालवून घ्यावा, परत काढलेली फाइल उघडून पाहावी आणि दोघांनी त्या पानावर तारखेसह सह्या कराव्यात.